पांढरा कोंबडा आणि जॉर्ज वॉलेस

परवा आमच्या शाखेत भांडण झालं. तालुक्यातला एक पुढारी यंदा चौदा एप्रिलला आपल्या स्टेजवर यायचं म्हणतोय. नाव लिहीत नाही, प्रत्येक तालुक्यात असा एक असतोच. वस्तीच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव लिहू नका म्हणून हाच माणूस एके काळी आडवा पडला होता. आता हार घेऊन येतो म्हणतो. एक नवा पोरगा म्हणाला, माणूस बदलतो, त्याचं हृदयपरिवर्तन झालंय. झालं. दुसऱ्यानं टेबलावर हात आपटला. हा शब्द आपल्यात शिवीसारखा का वापरतात ते त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. १९३२ च्या पुणे करारानंतर सवर्णांचं हृदय बदलेल म्हणून आपल्याला किती वर्षं दारात बसवून ठेवलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसरा सांगायच्या मनःस्थितीत नव्हता. बैठक मोडली आणि मी तसाच रातपाळीला गेलो.

रिंगखात्यात आवाजामुळं बोलता येत नाही. त्यामुळं विचार करता येतो. त्या रात्री डोक्यात सारखा एक माणूस येत होता. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस. मी कॉलेजात गेलेलो नाही. वाचनालयातली पुस्तकं आणि शेजारी डिक्शनरी, एवढ्यावर हा माणूस वाचला. पण त्याची गोष्ट दोस्तांपुढं ठेवावी असं वाटलं, कारण आपल्या भांडणाचा अख्खा मामला त्याच्या एका जन्मात येऊन गेलाय.

अलाबामा म्हणजे कापसाचा मुलूख. काळ्या गुलामांनी पिकवलेला कापूस. १८६१ ला तिकडं यादवी पेटली, तो कापूस अडला, आणि इकडं मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांनी दोन्ही हातांनी पैसा ओढला. आपण ज्या धाग्यावर पोट भरतो त्याचं एक टोक तिकडं आहे ते असं. गुलामी १८६५ ला कायद्यानं संपली. मग १९०१ साली अलाबामाच्या गोऱ्या जमीनदारांनी राज्याची नवी घटना केली. मत द्यायचं तर कर भरा, वाचून दाखवा, मालमत्ता दाखवा. काळ्यांची मतं गेलीच, पण हजारो गरीब गोऱ्यांचीही गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. नळाचं आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या राज्यात, बार्बर कौंटीतल्या क्लायो ह्या लहानशा गावी २५ ऑगस्ट १९१९ ला वॉलेस जन्मला. लहानखुरा, चपळ, मुष्टियोद्धा. राज्याची स्पर्धा दोनदा जिंकलेला. वकिली शिकला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानात काम केलं, आणि १९४६ ला विधानसभेत आला. सुरवातीचा वॉलेस ऐकून धक्का बसेल. जिम फॉल्सम नावाचा गरिबांची बाजू घेणारा गव्हर्नर होता, त्याचा हा चेला. टस्कीगी इथल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेच्या विश्वस्त मंडळावर हा स्वतः मागून गेला. १९४८ ला काळ्यांच्या हक्कांच्या ठरावावर चिडून दक्षिणेतले कित्येक प्रतिनिधी डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातून उठून गेले, तेव्हा हा बसून राहिला.

पुढं जज्ज झाला. जे. एल. चेस्टनट नावाचे काळे वकील होते. त्यांनी नंतर सांगितलेली हकीगत अशी. सरकीचं तेल काढणाऱ्या एका कंपनीविरुद्ध गरीब काळ्या शेतकऱ्यांची फिर्याद होती. कंपनीचे गोरे वकील शेतकऱ्यांना ‘हे लोक, हे लोक’ म्हणत होते. वॉलेसनं त्यांना भर कोर्टात झापलं की ह्यांना वादी म्हणा. निकालही शेतकऱ्यांच्या बाजूनं दिला. आणि चेस्टनटना कोर्टात ‘मिस्टर’ म्हणणारा पहिला जज्ज हाच. आपल्याकडं आजोबाच्या वयाच्या माणसाला पाटलाचं पोर नुसत्या नावानं हाक मारतं, तिथं हा ‘मिस्टर’ किती किमतीचा ते आपल्याला कळेल.

म्हणजे वॉलेसला कळत होतं. काळा माणूस हा माणूस आहे हे त्याला ठाऊक होतं. मुद्दा इथंच आहे.

१९५८ ला तो गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला. समोर जॉन पॅटरसन. हा राज्याचा मुख्य सरकारी वकील, त्यानं काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एन.ए.ए.सी.पी.’ ह्या संघटनेवर अलाबामात बंदी आणवली होती, आणि पांढरे बुरखे घालून खून पाडणारी कू क्लक्स क्लान त्याच्या मागं होती. वॉलेसला एन.ए.ए.सी.पी.चा पाठिंबा. पण काळ्यांच्या पाठिंब्याला मतं कुठून येणार, त्यांची नावंच यादीत नाहीत. वॉलेस सपाटून पडला. त्या रात्री तो जवळच्या लोकांना काय म्हणाला ते नंतर जगजाहीर झालं. ते शब्द लिहायच्या लायकीचे नाहीत. मतलब असा की काळ्यांना शिव्या घालण्यात तो माझ्या पुढं गेला, पुन्हा कुणाला जाऊ देणार नाही.

बस्स. एका निवडणुकीत माणूस उलटा झाला. किंवा उलटा झालाच नाही, दुकान बदललं.

थोड्याच महिन्यांत केंद्राच्या नागरी हक्क आयोगानं मतदारनोंदणीची दप्तरं मागितली. वॉलेसनं गर्जना केली की देणार नाही, तुरुंगात जाईन. आणि मागच्या दारानं दप्तरं पोचती केली. वर्तमानपत्रात मात्र दिल्लीश्वरापुढं न झुकणारा मर्द. तिकडं दिल्लीच्या जागी वॉशिंग्टन म्हणा. १९६२ ला निवडून आला. १४ जानेवारी १९६३ ला मॉन्टगोमेरीत शपथ घेतली ती नेमक्या त्या जागी, जिथं १८६१ ला गुलामीवाल्या बंडखोर राज्यांच्या अध्यक्षानं शपथ घेतली होती. भाषणात म्हणाला, वेगळेपणा आज, वेगळेपणा उद्या, वेगळेपणा कायमचा. भाषण लिहून देणारा एसा कार्टर हा क्लानचा माणूस होता.

११ जून १९६३. टस्कलूसाचं विद्यापीठ. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड ही दोन काळी पोरं नाव नोंदवायला आली. कोर्टाचा हुकूम होता. गव्हर्नर स्वतः दारात आडवा. समोर केंद्राचा अधिकारी कॅट्झनबाख. टीव्हीचे कॅमेरे लागलेले, उभं राहायच्या जागा खडूनं आखलेल्या. वॉलेसनं राज्यांच्या हक्कांवर भाषण वाचलं. राष्ट्राध्यक्ष केनेडीनं राज्याची फौज केंद्राच्या ताब्यात घेतली, जनरल येऊन म्हणाला बाजूला व्हा, आणि हा झाला बाजूला. पोरं आत गेली. त्या दिवशी त्याला अडवायचं नव्हतंच, अडवताना दिसायचं होतं. काळाराम मंदिराच्या दारात १९३० ला आपल्या लोकांपुढं कोण कोण उभं होतं आणि कुणासाठी, ते एकदा ताडून बघा.

पण दिसण्यापुरतं केलेलं नाटक खाली झिरपतं. गव्हर्नर दारात उभा राहतो, खालचा माणूस सुरुंग उचलतो. सप्टेंबरात वॉलेस म्हणाला होता की हे सगळं थांबवायला दोन-चार अव्वल दर्जाच्या अंत्ययात्रा निघाल्या पाहिजेत. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. बर्मिंगहॅममधल्या सोळाव्या रस्त्यावरच्या काळ्यांच्या चर्चमध्ये क्लानच्या लोकांनी सुरुंग उडवला. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन ह्या चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅक्नेर अकरा वर्षांची. चौघी गेल्या. वॉलेसनं सुरुंग ठेवला नाही. कायद्याच्या पुस्तकात त्याचं नाव कुठं येणार नाही. खेड्यात बहिष्कार पडतो, झोपडी जळते, तेव्हा पुढारी जिल्ह्याच्या गावी असतो.

आता गिरणीतल्या दोस्तांसाठी एक गोष्ट. १९६४ ला वॉलेस उत्तरेत गेला, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या चाचण्यांत उभा राहिला. सगळे हसले. दक्षिणेतला गावंढळ, इकडं कोण विचारतो. विस्कॉन्सिनमध्ये शंभरात जवळपास ३४ मतं घेतली, मेरीलँडमध्ये ४३ च्या आसपास. कुणाची? कारखान्यातल्या गोऱ्या कामगारांची. मिलवॉकीत पोलिश, सर्बियन कामगारांनी सभागृह भरून टाळ्या दिल्या. युनियनचे मेंबर होते हे सगळे. उत्तरेत तो काळ्यांना एक शब्द वाईट बोलला नाही. तो म्हणायचा, तुमचं घर कुणाला विकायचं ते सरकार ठरवणार का? तुमच्या युनियनमधला क्रम मोडणार का? राज्यांचे हक्क, मालमत्तेचा हक्क, कायदा आणि सुव्यवस्था. ऐकणाऱ्याला बरोबर ऐकू जायचं. आपल्याकडं ‘गुणवत्ता’ म्हटलं की कुणाबद्दल बोलतायत ते जसं ऐकू येतं तसं.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानता म्हणून जे सांगितलं ते मला पुस्तकात पुरतं कळलं नव्हतं, वॉलेसच्या मतांच्या आकड्यात कळलं. १९०१ च्या घटनेनं गरीब गोऱ्याचंही मत खाल्लं होतं. तरी तो त्या घटनेवर खूश, कारण त्याच्या पायाखाली एक पायरी शिल्लक होती. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना कापड विणायच्या खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्यात विटाळ. कामगार म्हणून संप सगळ्यांनी मिळून करायचा आणि खातं मात्र वेगळं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. आणि १९३८ ला मनमाडला रेल्वे कामगारांपुढं भांडवलशाहीच्या जोडीला ब्राह्मणशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटलं, ते उगीच नाही. माझ्या खात्यात आज धागा तोंडानं कुणी ओढत नाही. डबा खाताना कोण कुणाशेजारी बसतं ते मात्र बघण्यासारखं असतं.

अमेरिकेतल्या युनियनांना हे १९६८ ला उमगलं. वॉलेस तेव्हा स्वतःचा पक्ष काढून राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता आणि त्यांचे मेंबर भराभरा तिकडं चालले होते. मग युनियननं पत्रकं वाटली: अलाबामात मजुरी किती कमी आहे बघा, युनियनची काय गत आहे बघा. पुष्कळ कामगार परत फिरले. तरी ९९ लाखांच्या घरात मतं आणि दक्षिणेतली पाच राज्यं त्यानं घेतलीच. निवडून आलेल्या निक्सननं त्याची भाषा इस्त्री करून आपल्या पक्षात नेली.

मधलं एक सांगायचं राहिलं. गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं, म्हणून १९६६ ला ह्यानं बायकोला उभं केलं. लर्लीन वॉलेस. तिला कॅन्सर होता. डॉक्टरनं १९६१ लाच नवऱ्याला सांगितलं होतं, नवऱ्यानं तिला सांगितलं नाही. ती निवडून आली आणि ७ मे १९६८ ला, ४१ व्या वर्षी, गव्हर्नर असतानाच मेली. ह्यावर मी जास्त लिहीत नाही. माणूस घरात कसा होता ते कळायला एवढं पुरे.

आता सेल्मा, आणि आता कोंबडा.

फेब्रुवारी १९६५ मध्ये मतदारनोंदणीच्या चळवळीतला जिमी ली जॅक्सन हा तरुण वॉलेसच्या राज्य पोलिसाच्या गोळीनं गेला. ७ मार्चला सुमारे सहाशे माणसं सेल्मातून राजधानीकडं चालत निघाली. एडमंड पेटस पुलावर वॉलेसच्या पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुरानं त्यांना तुडवलं. पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसची कवटी फुटली. देशानं टीव्हीवर पाहिलं. दोन आठवड्यांनी केंद्राच्या फौजेच्या पहाऱ्यात मोर्चा पुन्हा निघाला, ५४ मैल, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

मोर्चाच्या वाटेवर लाउंड्स कौंटी लागते. शंभरात ऐंशी माणसं काळी, आणि १९६५ च्या सुरवातीला मतदारयादीत एकही काळा नाही. एकही. कायदा झाल्यावर जे नाव नोंदवायला गेले त्यांना जमीनदारांनी कुळाच्या घरातून हाकललं. हायवेच्या कडेला तंबू ठोकून ते राहिले, रात्री गोळीबार व्हायचा. स्टोकली कारमायकेल आणि त्याचे तरुण सोबती आणि गावातला जॉन ह्युलेट ह्यांनी ठरवलं की वॉलेसच्या पक्षात जायचंच नाही, आपला पक्ष काढायचा. अलाबामात पक्षाला चिन्ह लागे, कारण निरक्षर मतदार पुष्कळ. वॉलेसच्या डेमॉक्रॅटिक पक्षाचं राज्यातलं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्याभोवती उघड छापलेलं घोषवाक्य गोऱ्यांच्या वर्चस्वाचं. ह्यांनी चिन्ह घेतलं काळा पँथर.

हाच तो पँथर, दोस्तांनो. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडच्या ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्यांनी तो लाउंड्सवरनं घेतला, आणि १९७२ ला मुंबईत आपल्या लोकांनी तिकडनं नाव घेतलं. आपल्या पोरांना ओकलंडची बंदूक ठाऊक असते. मूळचा पँथर मात्र मतपत्रिकेवरचा आहे, तंबूत राहणाऱ्या शेतमजुरांचा आहे, आणि तो जॉर्ज वॉलेसच्या कोंबड्यासमोर उभा राहिला होता. नोव्हेंबर १९६६ ला ते हरले. १९७० ला जॉन ह्युलेट त्याच कौंटीचा शेरीफ झाला, जिथं पाच वर्षांपूर्वी त्याला मतही नव्हतं.

ह्या सगळ्यात वॉलेसचं काय झालं? १९७० ला काळ्यांची भीती घालूनच तो पुन्हा गव्हर्नर झाला. १५ मे १९७२ ला मेरीलँडमध्ये प्रचारसभेत त्याला एका गोऱ्या पोरानं गोळ्या घातल्या. कमरेखालचं शरीर गेलं. पुढची २६ वर्षं चाकाची खुर्ची आणि वेदना. त्याच निवडणुकीत उमेदवारी मागणाऱ्या काळ्या खासदार शर्ली चिझम त्याला दवाखान्यात भेटायला गेल्या. १९७६ ला त्यानं स्कॉट्सबोरोच्या खटल्यातल्या क्लॅरेन्स नॉरिसला निर्दोष म्हणून माफी दिली. हा नॉरिस १९३१ ला खोट्या बलात्काराच्या आरोपात फासावर जाता जाता राहिलेला. १९७९ ला वॉलेस काळ्यांच्या चर्चमध्ये गेला आणि चुकलो म्हणाला. १९८२ ला चौथ्यांदा निवडून आला तो काळ्यांची मतं घेऊन, आणि त्यांना मोठ्या जागांवर नेमलं. १९९५ ला सेल्माच्या मोर्चाला तीस वर्षं झाली तेव्हा खुर्चीवर बसून मोर्चेकऱ्यांना भेटायला आला. १३ सप्टेंबर १९९८ ला मेला.

मग हृदयपरिवर्तन झालं की नाही? आमच्या त्या पोराचं बरोबर की टेबल आपटणाऱ्याचं?

मी तारखा शेजारी शेजारी लिहून बघितल्या. १९६५ च्या सुरवातीला अलाबामात शंभर काळ्यांत १९ जणांचं नाव यादीत होतं. १९६७ पर्यंत ते ५० च्या वर गेलं. पश्चात्ताप त्याच्या मागनं आला, पुढनं नाही. १९५८ ला काळ्यांकडं मत नव्हतं, तेव्हा वॉलेसनं आपल्या चांगुलपणाचा गळा स्वतःच्या हातानं दाबला. मत आलं तेव्हा तोच चांगुलपणा वर आला. गोळी लागल्यानं माणूस आतून हलला असेल, मी नाही म्हणत नाही. जन्मभर दुखणं घेऊन पडलेल्या माणसाबद्दल छातीठोक बोलायला मी धजत नाही. पण गोळी १९७२ ची आहे आणि कायदा १९६५ चा.

जॉन लुईस, ज्याची कवटी फुटली होती, तो पुढं खासदार झाला. वॉलेस मेल्यावर त्यानं वर्तमानपत्रात लिहिलं की मी ह्या माणसाला माफ केलंय. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझं काळीज एवढं मोठं नाही. पण ज्याची कवटी त्याची माफी. तो हक्क लुईसचा होता, माझा नाही, आणि वॉलेसचा तर मुळीच नाही. आमच्या तालुक्यातल्या पुढाऱ्याला हार घालू द्यायचा का, हे कमानीपुढं मार खाल्लेल्या म्हाताऱ्यांना विचारा, असं मी शाखेत सांगणार आहे. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

आणि एक. माणूस सुधारला म्हणून कागद सुधारत नाही. शाळा वेगळ्या ठेवायचं कलम अलाबामाच्या घटनेत वॉलेसच्या मरणानंतरही होतं. कोर्टानं ते कधीच निकामी केलं होतं, पण काढून टाकायचं का असं २००४ ला आणि २०१२ ला जनतेला विचारलं तेव्हा दोन्ही वेळा बहुमत नको म्हणालं. ते गेलं २०२२ ला. आणि १९६५ च्या मतदान कायद्याचा कणा २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी मोडला. तो खटला घेऊन गेली होती शेल्बी कौंटी. तीही अलाबामातलीच.

विद्यापीठाच्या दारातल्या पोरीचं सांगतो आणि थांबतो, पाळीची वेळ झाली. व्हिव्हियन मलोन १९६५ ला पदवीधर झाली, त्या विद्यापीठाची पहिली काळी पदवीधर. १९९६ ला वॉलेसच्या कुटुंबानं तिला लर्लीनच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार दिला, आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं तिची माफी मागितली. मधल्या काळात ती काय करत होती? काही वर्षं ती अटलांटाच्या एका संस्थेची प्रमुख होती. संस्थेचं काम एकच, दक्षिणेतल्या काळ्या माणसांची नावं मतदारयादीत घालणं.